काकू गाडी मागे घेतात

मी केलेली गाडी रस्त्यावरून आडवी गेली. म्हणजे तोंड समोर आणि प्रवास बाजूला. खेकड्यासारखी सरकत सरकत ती फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसली. तेवढ्यात रस्ता ओलांडणारे एक आजोबा काठी टेकत टेकत तिच्या टपावरून चालत गेले आणि पलीकडे शांतपणे उतरले.

हे घडलं एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वेबसाइटवर, ‘गाडी मागे घेऊन लावणे’ या धड्यात. पोराटोरांनी बघितलं, एकमेकांना पाठवलं, आणि मला कळेपर्यंत निम्म्या गावाने ते आजोबा पाहिले होते.

दोष संगणकाचा नव्हता. आमच्या ॲनिमेशनच्या कामात गाडी कोणी चालवत नाही. पहिल्या चौकटीत ती कुठे उभी आहे ते सांगायचं, शेवटच्या चौकटीत कुठे पोचली ते सांगायचं, मधल्या सगळ्या चौकटी सॉफ्टवेअर आपली आपण भरतं. याला मोशन ट्वीन म्हणतात. गाडीने वाटेच्या वळणाप्रमाणे तोंड फिरवावं असं वाटत असेल, तर एका बारीक चौकोनात बरोबरची खूण करावी लागते. ती मी केली नव्हती. शिवाय प्रत्येक चित्र वेगळ्या पारदर्शक थरावर असतं; आजोबांचा थर गाडीच्या थराच्या वर राहिला, म्हणून ते टपावरून गेले. एकदा चालवून बघितलं असतं तर दिसलं असतं. पण जेवायची वेळ झाली होती आणि मी गावाकडच्या शाळेत शिकलेला माणूस आहे. घंटा झाली की माझा हात आपोआप डब्याकडे जातो.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर स्वतः ऑफिसात आले. बुटका, जाड भुवयांचा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डाव्या हाताला बसून ब्रेक मारल्यामुळे खुर्चीत बसले तरी त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला असतो.

“खेकडा कोणी सोडला?” त्यांनी दारातूनच विचारलं.

ऑफिसात पाच माणसं. चौघांनी माझ्याकडे बघितलं. पाचवा मी.

“पोरगा नवीन आहे,” काकू म्हणाल्या.

“पोरगा नवीन आहे ते दिसतंच आहे. पण अकरा धडे तुम्ही केलेत, लोण्यासारखे. नेमका हाच एक याच्या हातात का दिलात?”

काकूंनी केसांतली पेन्सिल काढली, परत खोवली. “शिकेल म्हणून.”

“तो शिकेल म्हणून,” मास्तर म्हणाले, “की तुम्हाला बघवत नाही म्हणून?”

काकूंना मी तिथे लागल्यापासून ओळखत होतो, पण त्यांचे कान लाल होतात हे मला त्या दिवशी कळलं.

*

काकूंबद्दल आधी सांगायला हवं. त्या माझ्या काकू नाहीत, कोणाच्याच नाहीत, पण ऑफिसात मालकासकट सगळे त्यांना काकू म्हणतात. पूर्वी त्या शाळेच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढायच्या. बेडकाचं पोट, फुलाचा उभा छेद, माणसाचा कान. शाळेत असताना जो कान पाठ करून करून माझे स्वतःचे कान किटले, तो काकूंनीच काढलेला असणार असा माझा दाट संशय आहे. त्या कबूल करत नाहीत.

पुढे ती प्रकाशनसंस्था बंद पडली. काकू चाळिशीला टेकलेल्या. घरी बसण्याऐवजी त्यांनी संगणकाच्या क्लासला नाव घातलं. आजूबाजूला सगळी मिसरूड फुटलेली पोरं. पहिल्या आठवड्यात शिकवणाऱ्याने चेंडू इकडून तिकडे न्यायला सांगितला. काकू जन्मभर एकेक रेघ हाताने ओढलेल्या. त्यांनी चेंडूच्या जागा एकेक करून काढायला घेतल्या. शिकवणारा म्हणाला, “अहो, फक्त पहिली आणि शेवटची द्या.” त्यांनी दिली, आणि चहाचा कप उचलला. चेंडू आपणहून निघाला.

“मी चहा पितेय आणि काम चाललंय,” त्या ही गोष्ट सांगताना अजून म्हणतात. “लग्नानंतर पहिल्यांदा असं झालं.”

तेव्हापासून त्यांची श्रद्धा एकच: दोन टोकं आपली, मधलं त्याचं. टोकं चोख पाहिजेत. त्यांच्या फायलीत प्रत्येक थराला नाव असतं. गाडीचं पुढचं चाक, मागचं चाक, सावली, आजोबा, आजोबांची काठी. माझ्या फायलीत ‘थर सत्तेचाळीस’ असतं. “हा सत्तेचाळीस कोण रे?” त्या विचारतात. “तुझा मेहुणा का?”

एवढ्या बाईला एकच गोष्ट जमत नव्हती, ती म्हणजे खरी गाडी मागे घेणं. पुढे जाताना काकू झकास चालवायच्या. परीक्षेत मागे घेऊन लावायची वेळ आली की खूण म्हणून ठेवलेला मागचा प्लास्टिकचा कोन उडालाच. दोनदा परीक्षा दिली, दोनदा कोन उडवला. दुसऱ्या वेळी तर तो कोन बाहेर उभ्या असलेल्या परीक्षकाच्या बुटापाशी जाऊन थांबला. हे सगळं त्यांनी ऑफिसात लपवून ठेवलं होतं आणि मास्तरांनी एका वाक्यात चव्हाट्यावर आणलं, कारण दोन्ही वेळा शिकवणारे तेच होते.

“लायसन्स नसेल तर नसेल,” मी काकूंना बरं वाटावं म्हणून म्हणालो. “माझ्याकडे तरी कुठे आहे?”

“तुझी गोष्ट वेगळी. तू खेकडा आहेस.” तेव्हापासून माझं नाव खेकड्या पडलं. मालकही तेच म्हणतात.

पण त्या हसल्या नाहीत. कारण ऑफिस हलणार होतं. मालकांनी गावाबाहेर, कारखान्यांच्या पट्ट्यात मोठी जागा घेतली होती. बस पुलापर्यंत जाते. पुढे ट्रक आणि धूळ. घरून काम करायची मुभा नव्हती, कारण आमचे ग्राहक शेजारी बसून ‘जरा डावीकडे, जरा उजवीकडे’ केल्याशिवाय पैसे दिल्याचं समाधान मानत नाहीत. बाकीचे दुचाकीवाले. मी कोणाच्या तरी मागे बसणार होतो. काकूंच्या घरी मात्र गाडी होती, किल्ली होती, नव्हता फक्त परवाना. परीक्षेची पुढची तारीख हलायच्या आधीच्या आठवड्यातली मिळाली होती. ती हुकली तर त्यापुढची तारीख दोन महिन्यांनी. तोवर काकूंच्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी बसलं असतं. मालक वाईट माणूस नाही, पण त्याला खुर्ची रिकामी बघवत नाही.

*

मास्तर धडा दुरुस्त करायला सांगून गेले. काकूंनी माझी फाइल उघडली. त्यांच्या मागे मी उभा. शिक्षा म्हणून चहा आणणं, पुसणं, गप्प राहणं एवढी कामं मला होती. त्यातलं तिसरं मला जमत नाही.

“आधी आजोबांना खाली घे,” त्या म्हणाल्या. मी आजोबांचा थर खाली ओढला. आजोबा आता गाडीखालून गेले.

“खेकड्या, त्यांचा जीव घेऊ नकोस. वेळ बदल. गाडी लागल्यावर जाऊ देत.”

मग त्यांनी ती चौकोनातली खूण केली. गाडी वाटेप्रमाणे तोंड फिरवू लागली. पुढच्या गाडीच्या शेजारून मागे निघाली, फुटपाथकडे वळली, आणि तिचं शेपूट सरळ फुटपाथवर चढलं. काकूंनी वाट थोडी ओढून वाकवली. आता पुढचं नाक शेजारच्या गाडीला घासलं. वाट परत ओढली. शेपूट परत फुटपाथवर. असं बराच वेळ चाललं. वाट कधी सापासारखी, कधी दोरीसारखी, पण गाडीचा एक ना एक कोपरा कशाला तरी लागायचाच.

“हेच,” काकू एकदम म्हणाल्या. “बघ. हाच कोपरा. असाच मारते मी.”

“तुम्ही मारता?”

“परीक्षेत. अगदी इथेच, अस्सा.” त्यांनी पडद्यावरच्या कोपऱ्याला पेन्सिलीचं टोक लावलं.

त्यांनी गाडी हळूहळू, एकेक चौकट पुढे सरकवून बघितली. बघता बघता त्या मागे रेलल्या. मला वाटलं, कंटाळल्या. मी चहाचं विचारणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “खेकड्या, ही गाडी ताटलीसारखी फिरतेय.”

खरंच होतं. ताटलीच्या मधोमध बोट धरून फिरवावी, तशी गाडी पोटावर फिरत होती. नाक इकडे गेलं की शेपूट तिकडे. त्याचं कारण होतं गाडीच्या पोटावरचा एक छोटा पांढरा गोल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला तो असतो. वस्तू फिरते ती त्या गोलाभोवती, आणि वाटेवरून चालतो तोही तो गोलच. सॉफ्टवेअर तो आपणहून मधोमध ठेवतं. हात फिरवायचा असेल तर तो खांद्यावर न्यायचा, दार उघडायचं असेल तर बिजागरीवर. गाडीच्या बाबतीत तो कुठे न्यायचा याचा मी विचारच केला नव्हता.

“खरी गाडी पोटावर फिरते का?” काकूंनी विचारलं. मला नव्हे, पडद्याला. “मागची चाकं वळतच नाहीत. ती नुसती मागून जातात. म्हणजे बिजागरी तिथे.”

त्यांनी तो पांढरा गोल उचलला आणि मागच्या दोन चाकांच्या मधे नेऊन सोडला. वाट जरा सारखी केली. मग चालवलं.

गाडी मागे निघाली. मागची चाकं शांतपणे फटीत शिरली, नाक ऐसपैस रस्त्यात झुललं आणि मागोमाग आत आलं. टेबलाचा खण लावावा तशी गाडी लागली. आजोबा नंतर सावकाश रस्ता ओलांडून गेले.

काकूंनी परत चालवलं. परत. मी मोजलं नाही, पण आजोबांचे पाय नक्की दुखले असतील.

“एवढी वर्षं मास्तर ओरडतायत, मागच्या चाकांकडे बघा, मागच्या चाकांकडे बघा,” त्या हळूच म्हणाल्या. “मी बघायचे. पण का बघायचं ते कळत नव्हतं. मी बघायचे नाकाकडेच. कुठे लागेल याची भीती नाकालाच ना.”

“मग आता?”

“आता फोन लाव मास्तरांना.”

*

मास्तर आधी ऐकेनात. “बाई, परीक्षा चार दिवसांवर आली. आता जादा तास कुठून काढू? पोरांची रांग लागलीय माझ्याकडे. तुमच्या त्या खेकड्यामुळेच लागलीय. येतात आणि विचारतात, आजोबा टपावरून जातात ती शाळा हीच का.”

“मग आमचे आभार मानायला हवेत,” काकू म्हणाल्या.

“मानतो. पण तास फुकट नाही देणार.”

“काय हवं?”

मास्तरांनी क्षणभर विचार केला. “गोल चौकाचा धडा. तो कोणालाच समजवता येत नाही मला. सगळे गोलात शिरतात आणि तिथेच संसार थाटतात. तो करून द्या.”

“पास झाले तर देते.”

“आणि नाही झालात तर?”

“तर मला भरपूर वेळ असेल,” काकू म्हणाल्या. “तेव्हाही देईन.”

सराव मोकळ्या मैदानावर झाला. मास्तर शेजारच्या सीटवर, मी मैदानात. कोन कमी पडले म्हणून मागच्या गाडीच्या जागी मला उभं केलं. जगात फार थोड्या माणसांना मागची गाडी व्हायचा अनुभव असेल. मी सांगतो: फारसा चांगला नसतो.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा मला सरकावं लागलं. मास्तर खिडकीतून ओरडले, “पळू नकोस रे, गाड्या पळत नाहीत.”

“मी अंतर वाढवतोय,” मी म्हणालो.

तिसऱ्यांदा काकूंनी काच खाली केली. आरशात बघत त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मास्तरांनी विचारलं, “काय मंत्र म्हणताय?”

“ठिपके जवळ जवळ.”

“कसले ठिपके?”

मला माहीत होतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये गाडीची वाट दिसते ती ठिपक्यांची. दर चौकटीला एक ठिपका. ठिपके दूर दूर पडले तर गाडी सुसाट. जवळ जवळ पडले तर सावकाश. वळायच्या जागी काकू ठिपके दाटीवाटीने बसवतात. आयुष्यात पहिल्यांदा त्या खऱ्या गाडीचे ठिपके स्वतः टाकत होत्या. आधीच्या दोन्ही परीक्षांत भीतीपोटी, लवकर उरकावं म्हणून, त्यांनी ते दूर दूर टाकले होते.

गाडी माझ्यापासून एक हात दूर थांबली. फुटपाथऐवजी आखलेल्या चुन्याच्या रेघेला समांतर. मास्तरांनी दार उघडून रेघ बघितली, आणि उघड्या दारातून पहिल्यांदाच त्यांचा उजवा पाय सैल झालेला मला दिसला.

“परत,” ते म्हणाले.

परत झालं. पाचव्यांदा मी डोळे मिटून उभा राहिलो. भीतीने मिटले हे काकूंना सांगितलं नाही. त्यांना तो विश्वास वाटला.

*

परीक्षेच्या दिवशी काकासुद्धा घरची गाडी घेऊन आले. काका म्हणजे काकूंचे यजमान. ते कंपनीच्या बसने कामाला जातात, आणि त्यांची गाडी आठवडाभर आच्छादनाखाली झोपते. चालवतात त्यापेक्षा पुसतात जास्त. काकू शिकायला लागल्यापासून त्यांचं एकच वाक्य: “पडद्यावर चालवतेस ना, तिथेच चालव. तिथे पत्रा लागत नाही.” त्या दिवशी मात्र ते वाक्य त्यांनी गिळलं. कुंपणाला टेकून उभे होते आणि हातात गाडी पुसायचं फडकं पिळत होते. ते फडकं का आणलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

काकूंच्या आधी एक तरुण होता. टेचात बसला, टेचात मागे घेतली, कोन आडवा. उतरताना म्हणाला, जागाच लहान आखलीय.

“नाचता येईना,” मास्तर माझ्या कानात म्हणाले.

मग काकू. परीक्षक उंच, उन्हाने रापलेला, बोलायला कंजूष. तो मास्तरांच्या गाडीत काकूंशेजारी बसला. सरळ जाणं, वळणं, चढावर थांबणं, सगळं नीट झालं. मग गाडी त्या फटीपाशी आली. काकूंनी आरसा बघितला. गाडी मागे निघाली, हळूहळू वळली, आणि निम्म्या वाटेवर थांबली.

काकांनी फडकं तोंडाला लावलं. मास्तरांचा पाय मातीत रुतला.

“का थांबली?” मी विचारलं.

“मांजर,” मास्तर म्हणाले.

खरंच, मागच्या दोन कोनांच्या मधे एक पिवळं मांजर बसून पाय चाटत होतं. काकू थांबल्या होत्या. हॉर्न नाही, घाई नाही. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं. मांजराने दुसरा पाय काढला. माझ्या पडद्यावरच्या आजोबांपेक्षा हे मांजर फार सावकाश होतं. शेवटी ते उठलं, आळोखेपिळोखे दिले आणि गेलं.

अर्धवट वळलेल्या गाडीला तिथूनच पुढे न्यायचं होतं. पूर्वीच्या काकू इथे गडबडल्या असत्या. गाडी हलली. इतकी सावकाश की चाक फिरतंय की नाही कळेना. मागची चाकं फटीत शिरली. नाक रस्त्यात झुललं, आणि मग, खण लागावा तसं, आत आलं.

एकही कोन हलला नाही.

परीक्षक उतरला. गाडीभोवती फिरला. मागचं अंतर बघितलं, पुढचं बघितलं. आम्ही कुंपणाजवळ होतो म्हणून सगळं ऐकू आलं.

“मागच्या वेळी माझ्या बुटावर कोन आला होता, त्या तुम्हीच ना?”

“मीच. त्याच्या आधीही एक उडवला होता, तो तुमच्यापर्यंत पोचला नाही.”

“मग आज काय झालं?”

“आज गाडी कुठून वळते ते कळलं.”

परीक्षकाने त्यांच्याकडे जरा बघितलं, मग कागदावर सही केली. “मांजरासाठी थांबलात ते बरं केलंत,” तो म्हणाला. “ते इथलंच आहे. दोघांना नापास केलंय त्याने.”

काकू गाडीतून उतरल्या तेव्हा चालण्यात एक वेगळाच तोरा होता. बेडकाचं पोट काढणारी, चेंडूला पळवणारी, माझ्या सत्तेचाळिसाव्या थराला मेहुणा म्हणणारी ही बाई त्या मैदानावरून अशी आली की जणू मैदान त्यांनीच आखलं होतं. काकांनी घाईघाईने फडकं खिशात कोंबलं.

“झालं?” त्यांनी विचारलं, जसं काही त्यांना दिसलं नव्हतं.

“झालं. किल्ली द्या.”

“आत्ता?”

“मग काय पुढच्या वर्षी?”

काकांनी किल्ली दिली. मग सांभाळून म्हणाले, “सीट पुढे घेशील तर माझं सगळं बसवलेलं बिघडेल.”

“मागे बसा तुम्ही,” काकू म्हणाल्या. “मागून सगळं सारखंच दिसतं.”

काका मागे बसले. घरी गेल्यावर त्यांनी शेजाऱ्यांना आपणहून सांगितलं की परीक्षकाने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. एकच मारली होती. पण मी बोललो नाही.

*

नवीन ऑफिसात आता आम्ही दोघं रोज काकूंच्या गाडीने जातो. माझी जागा शेजारची. पुलापलीकडे ट्रक लागतात. काकू आधी आरसा बघतात, मग मला गप्प बसायला सांगतात, मग पुढे जातात. ऑफिससमोर गाड्या दाटीने लागतात. दुचाकीवाली पोरं आधी पोचलेली असतात आणि पायऱ्यांवर बसून बघतात. काकू मागे घेतात, लावतात, उतरतात आणि चालायला लागतात. वळून बघत नाहीत. पहिल्या दिवशी मालकांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. आता कोणी वाजवत नाही, आणि तेच काकूंना जास्त आवडतं.

मागे घेऊन लावायचा तो दुरुस्त धडा वेबसाइटवर आहे. मास्तर सांगतात, हल्ली पोरं सरावाला येतात तीच “मागची चाकं बिजागरी” म्हणत. ते वाक्य काकूंचं आहे हे ते सांगत नाहीत. काकूंना फरक पडत नाही.

परवा आम्ही पुलावर होतो, पुढे एक लांबलचक ट्रेलर. काकूंचा फोन वाजला. पडद्यावर मास्तरांचं नाव. काकूंनी नजर न हलवता मला खूण केली. मी उचलला.

“काकू कुठे आहेत?” मास्तर म्हणाले. “गोल चौकाचं काय झालं विचार. महिना उलटला.”

“काकू गाडी चालवतायत,” मी म्हणालो. “फोन घेता येत नाही.”

मास्तर म्हणाले, “बरं. चालवू दे.” आणि लगेच, “पण पोहोचल्यावर सांग. चौक अजून बाकी आहे म्हणावं.”

मी काकूंना सांगितलं.

“पुढच्या आठवड्यात,” काकू म्हणाल्या, आणि ट्रेलरला मागे टाकलं.